कातर रे भाजी : आबे फारिया आणि मनाचें वैद्यक

मनुष्याचें शरीर दुखूं लागलें म्हणजे तो वैद्याकडे जातो. परंतु मन दुखूं लागलें म्हणजे त्यानें कोणाकडे जावें, या प्रश्नाचें उत्तर आमच्या कोंकणपट्टींत फार पूर्वींपासून ठरलेलें आहे. त्यानें देवळांत जावें आणि गाऱ्हाणें घालावें. मालवण, कुडाळ, वेंगुर्लें, सावंतवाडी या भागांत ज्यांचें बालपण गेलें त्यांना गाऱ्हाणें म्हणजे काय हें सांगावयास नको. शहरांत वाढलेल्या श्रोत्यांसाठीं थोडें सांगतों. ग्रामदेवतेसमोर गांवचा घाडी किंवा मानकरी उभा राहतो आणि 'बा देवा म्हाराजा' अशी हांक मारून, संकटांत सांपडलेल्या माणसाचें नांव, त्याच्या घरची अडचण, त्याच्या मनांतली भीति, सारें कांहीं भर मंडपांत मोठ्यानें देवाच्या कानावर घालतो. वाक्यावाक्यास जमलेली मंडळी 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मग कौल घ्यावयाचा. मूर्तीला लावलेल्या पाकळ्या किंवा तांदूळ उजवीकडचे पडले कीं डावीकडचे, यावरून देवाचा होकार-नकार समजतो. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचा दिवस कौलानेंच ठरतो, आणि आचऱ्याचा सबंध गांव रामेश्वराचा कौल मिळाला म्हणजे तीन दिवस, तीन रात्रीं, गुराढोरांसह वेशीबाहेर राहावयास जातो.

या रीतीला हंसणारे सुशिक्षित पुष्कळ आहेत. त्यांच्यांत माझी गणना करूं नये. गाऱ्हाण्यांत दोन गोष्टी मोठ्या मोलाच्या आहेत. एक ही, कीं जें दुःख घरांत कोंडून ठेवलें होतें तें शब्दांत मांडलें जातें. दुसरी ही, कीं तें एकट्या देवालाच नव्हे, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकावें लागतें, आणि 'होय' म्हणावें लागतें. परंतु तिसरी एक गोष्ट आहे, आणि ती मला नेहमींच खटकत आली आहे. दुःख ज्याचें आहे तो या सर्व प्रसंगांत गप्प उभा असतो. बोलतो घाडी, उत्तर देतो देव, अर्थ लावतो मानकरी. बरें वाटण्याची किल्ली दुसऱ्या कोणाच्या तरी हातांत आहे, अशी समजूत घेऊनच तो घरीं परततो. ती किल्ली एखाद्या प्रामाणिक घाड्याच्या हातीं असेल तर फारसें बिघडत नाहीं. एखाद्या लोभी भगताच्या हातीं पडली म्हणजे मात्र कोंबडीं जातात, दागिने जातात, प्रसंगीं भूत काढण्याच्या नांवाखालीं वेताचे फटके बसतात.

ही किल्ली खरोखर कोणाच्या हातांत असते, हा प्रश्न युरोपांतल्या एका मोठ्या शहरांत, भर सभेंत, प्रथम ज्यांनीं रोखठोक विचारला आणि त्याचें निःसंदिग्ध उत्तर दिलें, ते गृहस्थ आमच्याच किनाऱ्यावरचे होते. आज मी त्यांची हकीकत सांगणार आहें.

तेरेखोलची खाडी ओलांडून, पेडणें मागें टाकून, शापोरा नदी उतरलें कीं बारदेस लागतो. त्या नदीच्या कांठीं कोलवाळ हा गांव आहे, आणि खालीं समुद्राच्या बाजूस कांदोळी. कोलवाळचे कायतान व्हितोरिनो द फारिया आणि कांदोळीच्या रोझा मारिया द सौझा या दांपत्याच्या पोटीं १७५६ च्या मे महिन्याच्या अखेरीस कांदोळीस एक मुलगा झाला. त्याचें नांव जोझे कुस्तोदिओ. घराणें मूळचें सारस्वत ब्राह्मणांचें, पिढ्यांपूर्वीं ख्रिस्ती झालेलें, असें सांगतात. घरांत सुख नव्हतें. नवराबायकोचें पटेना, आणि अखेर धर्मपीठाच्या परवानगीनें दोघेंही विभक्त झालीं. बाप लग्नापूर्वीं धर्मशिक्षण घेत होता, तें पुरें करून तो पाद्री झाला. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठांत जोगीण होऊन राहिली. जिवंत आईबापांचा, तरीही घर मोडलेला असा हा मुलगा. मनाच्या जखमांविषयीं ज्यानें पुढें आयुष्य वेंचलें, त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा आरंभ असा झाला, हें मला लक्षांत घेण्यासारखें वाटतें; यापेक्षां अधिक अर्थ मी त्यांतून काढीत नाहीं.

१७७१ सालीं बाप आणि चौदा वर्षांचा मुलगा गोव्याहून गलबतानें निघाले. फेब्रुवारींत निघालेली मंडळी नोव्हेंबरांत लिस्बनला पोंचली. तेथून पुढें रोम. रोमच्या धर्मप्रसारक विद्यालयांत जोझेनें ईश्वरशास्त्राचा अभ्यास केला आणि १७८० मध्यें त्याला पाद्रीची दीक्षा मिळाली. प्रबंध लिहून पंडिताची पदवीही त्यानें मिळविली. आतां यापुढें त्यांचा उल्लेख आदरार्थी करणें योग्य.

यानंतर ते लिस्बनला परतले, आणि तेथील एक आख्यायिका गोव्यांत आजही घरोघर सांगतात. पोर्तुगालची राणी आणि तिचा दरबार यांच्यासमोर राजवाड्याच्या देवळांत प्रवचन करण्याचा मान या तरुण गोमंतकीय पाद्र्यास मिळाला. व्यासपीठावर चढून पाहतात तों समोर रेशीम, जरतार, पदकें, केसांचे टोप आणि शेंकडों डोळे. घसा कोरडा पडला, पाठ केलेलें प्रवचन पार नाहींसें झालें. व्यासपीठाच्या पायथ्याशीं बाप बसला होता. त्यानें हलक्या आवाजांत आपल्या घरच्या कोंकणींत म्हटलें, 'ही सगळी भाजी. कातर रे भाजी.' समोर बसलेले ते राजे-सरदार नव्हेत, परसांतली भाजी आहे. विळी घे आणि चीर. आणि मुलाची वाचा मोकळी झाली.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली असेल किंवा नसेल. परंतु ती टिकून राहिली याला कारण आहे. मीं अनेक वर्षें शाळेंत काढलीं आणि दर वर्षीं वक्तृत्वस्पर्धेच्या दिवशीं एखादें तरी मूल व्यासपीठावर खांबासारखें उभें राहिलेलें पाहिलें आहे. त्या वेळीं आपण मोठीं माणसें काय करतों? 'भिऊं नकोस' असें ओरडतों. भिणाऱ्याला 'भिऊं नकोस' म्हणणें म्हणजे बुडणाऱ्याला 'पोह' म्हणण्यासारखें आहे. फारियांच्या बापानें धीर दिला नाहीं, देवाचें नांव घेतलें नाहीं, मंत्र म्हटला नाहीं. समोरच्या दृश्याकडे पाहण्याची मुलाची दृष्टि तेवढी त्यानें बदलली. दरबार होता तेथेंच राहिला; बदलला तो मुलाच्या मनांतला दरबार. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति मांडली आणि जिचा आपल्या महाराष्ट्रांत मुंबईचे कि. मो. फडके यांनीं ग्रंथांच्या आणि शिकवणुकीच्या द्वारें प्रसार केला, तिचें पहिलें सूत्र हेंच आहे: प्रसंग माणसाला घाबरवीत नाहीं, प्रसंगाविषयीं तो स्वतःशीं जें बोलतो तें त्याला घाबरवितें.

१७८७ मध्यें गोव्यांत पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट उघडकीस आला. इतिहास त्याला पिंटोंचें बंड म्हणतो, कारण कांदोळीचें पिंटो घराणें त्यांत प्रमुख होतें. अनेकांना क्रूरपणें ठार मारण्यांत आलें, अनेक पाद्र्यांना कैद करून लिस्बनला नेलें. फारिया बापलेकांवर संशय आला. दुसऱ्या वर्षीं, १७८८ मध्यें, मुलगा पॅरिसला गेला. पुढें वर्षभरांत तेथें राज्यक्रांति झाली. कांदोळीचा हा पाद्री त्या धुमाळींतही स्वस्थ बसला नाहीं. १७९५ च्या उठावांत एका सशस्त्र तुकडीचें पुढारीपण त्यांनीं केलें. हा भाग मी येथेंच सोडतों. आपला विषय बंडाचा नाहीं.

त्या काळच्या पॅरिसमध्यें मनाच्या दुखण्यांविषयीं काय समजूत होती, हें पाहिल्यावांचून फारियांच्या कामाची किंमत कळणार नाहीं. १७७८ मध्यें व्हिएन्नाहून मेस्मर नांवाचा डॉक्टर पॅरिसला आला. सर्व विश्वांत एक सूक्ष्म चुंबकीय द्रव भरलेला आहे, शरीरांत त्याचा प्रवाह तुंबला म्हणजे रोग होतो, आणि आपण आपल्या हातांनीं तो प्रवाह मोकळा करूं शकतों, असा त्याचा दावा होता. एका मोठ्या लांकडी पिंपाभोंवतीं रोगी बसत, त्यांतून निघालेल्या लोखंडी सळ्या दुखऱ्या जागीं लावीत. मंद संगीत चालू असे. मेस्मर झगा घालून मधून फिरे. आणि रोग्यांना झटके येत, रडें कोसळे, कांहींजणांना खरोखरच बरें वाटे. आपल्याकडच्या एखाद्या अवसराच्या जागेचें हें वर्णन आहे असेंच कोणास वाटेल! १७८४ मध्यें फ्रान्सच्या राजानें चौकशीसमिति नेमली. तींत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीनें प्रयोग करून निर्णय दिला कीं असा द्रव कोठेंही नाहीं. जो परिणाम होतो तो कल्पनेचा.

निर्णय बरोबर होता, पण विद्वान् मंडळी तेथेंच थांबली. 'केवळ कल्पना' असें म्हणून त्यांनीं फाईल मिटली. ज्या कल्पनेनें माणूस रडतो, कांपतो, कधीं बराही होतो, ती कल्पना आहे तरी काय, हा प्रश्न कोणासही विचारावासा वाटला नाहीं. त्याच वर्षीं मेस्मरचा शिष्य मार्की द प्युसेगुर यानें एका शेतकरी तरुणाला झटक्यांऐवजीं शांत झोंपेंत नेलें. त्या झोंपेंत तो बोलत असे, प्रश्नांचीं उत्तरें देत असे. परंतु प्युसेगुरलाही वाटे कीं ही सारी आपल्या इच्छाशक्तीची करामत आहे.

फारिया या मंडळींच्या संगतींत आले आणि त्यांनीं ही विद्या आत्मसात केली. १८११ मध्यें ते मार्सेय येथील सरकारी विद्यालयांत तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. तेथून त्यांची बदली नीम या गांवीं झाली. १८१३ मध्यें ते पॅरिसला परतले, आणि ऑगस्ट महिन्यांत रु द क्लिशी या रस्त्यावरच्या एका जागेंत त्यांनीं जाहीर प्रयोगांस आरंभ केला. वय सत्तावन्न, उंच, सांवळा बांधा, फ्रेंच भाषा चुकतमाकत.

त्यांची पद्धत अगदीं साधी होती. पिंप नाहीं, सळ्या नाहींत, संगीत नाहीं, अंगावरून हात फिरविणें नाहीं. माणसाला आरामखुर्चींत बसवावयाचें. डोळे मिटून झोंपेचा विचार करावयास सांगावयाचें. तो शांत झाला असें दिसलें म्हणजे एकदम भारदस्त आवाजांत फ्रेंचमध्यें आज्ञा करावयाची: 'झोंपा!' दोनतीन वेळां सांगून कांहीं झालें नाहीं तर ते आपला उघडा पंजा त्याच्या डोळ्यांसमोर धरून तो हळूहळू जवळ आणीत. तरीही झोंप आली नाहीं तर त्या माणसाला घरीं जाण्यास सांगत. ज्यांना झोंप लागे त्यांना ते साधें पाणी देऊन दुसऱ्याच पेयाची चव घ्यावयास लावीत. हात लुळा पडला आहे असें सांगून तो उचलणें अशक्य करीत. आणि जागें झाल्यावर करावयाचीं कामें झोंपेंतच सांगून ठेवीत. या अवस्थेला त्यांनीं 'जागृत बुद्धीची झोंप' अशा अर्थाचें नांव दिलें.

इतकें सारें कोणीही जादूगार करूं शकेल, असें आपण म्हणाल. फारियांचें वेगळेपण प्रयोगांत नाहीं, त्यांच्या स्पष्टीकरणांत आहे. ते श्रोत्यांना निक्षून सांगत, कीं माझ्या अंगीं कसलीही शक्ति नाहीं. माझ्या हातांतून कांहीं वाहत नाहीं. माझी इच्छा तुम्हांला झोंपवीत नाहीं. जें घडतें तें झोंपणाऱ्याच्या स्वतःच्या मनांत घडतें. मी तें घडण्यास वाट करून देतों, एवढेंच. आपल्या विद्येच्या बाजारांत स्वतःचा मोठेपणा असा स्वतःच पुसून टाकणारा मनुष्य विरळा. मेस्मरच्या पंथाला यामुळें तो शत्रु वाटला, कारण त्यानें त्यांचा द्रव नाकारला. धर्ममार्तंडांना यांत सैतानाचा हात दिसला. आणि शास्त्रज्ञांना हा सारा पोरखेळ वाटला, कारण त्यांच्या मतें प्रश्न १७८४ मध्येंच सुटला होता. तिन्ही बाजूंनीं मार खाण्याची ही जागा मोठी बिकट असते.

फारियांच्या विचारांत दोष नव्हते असें नव्हे. कांहीं माणसें लौकर झोंपतात आणि कांहीं मुळींच झोंपत नाहींत, यांचें कारण त्यांनीं रक्ताच्या पातळपणांत शोधलें. हें चुकीचें होतें. परंतु शक्ति कोणाच्या ठायीं आहे, या मुख्य प्रश्नावर त्यांचें पाऊल घसरलें नाहीं.

पॅरिसनें त्यांना हंसून संपविलें. एका नटानें रोग्याचें सोंग घेऊन त्यांच्या प्रयोगांत प्रवेश मिळविला, झोंप लागल्याचा बहाणा केला, आणि ऐन वेळीं डोळे उघडून त्यांची टर उडविली, अशी हकीकत आहे. १८१६ मध्यें चुंबकविद्येच्या वेडावर एक प्रहसन रंगभूमीवर आलें. पोतिए नांवाच्या लोकप्रिय विनोदी नटानें त्यांत फारियांची नक्कल केली आणि प्रेक्षक लोटले. ज्यांची नक्कल रोज रात्रीं होते, त्यांच्या समोर दिवसा येऊन कोण बसणार? प्रयोग बंद पडले. एका मठांत धर्मगुरूचें काम पत्करून त्यांनीं पुस्तक लिहिण्यास घेतलें. चार खंडांची योजना होती. पहिला खंड १८१९ मध्यें छापला गेला, आणि त्याच वर्षीं २० सप्टेंबरला ते वारले. उरलेले खंड निघाले नाहींत. पुढें पंचवीस वर्षांनीं अलेक्झांडर द्युमा या कादंबरीकारानें 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या आपल्या विख्यात कादंबरींत समुद्रांतल्या तुरुंगांत खितपत पडलेल्या एका शहाण्या कैद्याला आबे फारिया हें नांव दिलें. परिणाम असा झाला, कीं जगांत लाखों लोकांना फारिया हें नांव माहीत आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना तो माणूस खरा होता हें ठाऊक नाहीं.

मात्र बीं मेलें नव्हतें. मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनीं १८४३ मध्यें आपल्या ग्रंथांत या झोंपेला संमोहनाचें शास्त्रीय नांव दिलें. आपल्याच देशांत, बंगालमध्यें हुगळी येथें, डॉक्टर एस्डेल यांनीं १८४५ पासून अशा झोंपेंत रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या; पुढें क्लोरोफॉर्म आला आणि ती वाट बुजली. फ्रान्समध्यें नान्सी येथील लिएबो आणि बेर्नहाइम यांनीं सूचनेनें रोग बरे करण्याची पद्धति उभी केली, आणि सूचनेच्या या सिद्धांताचा पहिला मान फारियांकडे जातो हें बेर्नहाइम यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. १८८९ मध्यें याच नान्सीला व्हिएन्नाचे एक तरुण डॉक्टर शिकण्यासाठीं आले. त्यांचें नांव सिग्मंड फ्रॉइड. फ्रॉइडनें पुढें संमोहन सोडून दिलें. रोग्याला झोंपविण्याऐवजीं त्यानें रोग्याला बोलूं दिलें, आणि स्वतः मागें बसून ऐकलें. डॉक्टरानें गप्प बसावें आणि रोग्यानें बोलावें, ही गोष्ट वैद्यकांत नवी होती. आमच्या गाऱ्हाण्याच्या अगदीं उलट! १९४२ मध्यें अमेरिकेंतील कार्ल रॉजर्स यांनीं समुपदेशनावर ग्रंथ लिहिला, तेव्हां तर उपदेश देणेंही बाजूला राहिलें. समोरच्या माणसांत स्वतःची वाट शोधण्याची ताकद असते, ती मोकळी होईल अशी ऊब तेवढी द्यावी, इथपर्यंत विचार येऊन पोंचला. 'समुपदेशन' या आपल्या शब्दांत 'उपदेश' बसलेला आहे, हें या दृष्टीनें दुर्दैवच म्हणावयाचें.

फारियांना मायदेशीं परत आणण्याचें श्रेय एका गोमंतकीय डॉक्टरास आहे. डॉ. डी. जी. दलगादो हे तेच गृहस्थ, ज्यांनीं गोवा आणि सावंतवाडी येथील उपयुक्त वनस्पतींची सूची १८९८ मध्यें प्रसिद्ध केली. आमच्या घाटाखालच्या रानांतली मुळीपाला टिपणाऱ्या या वैद्यानें फारियांचें विस्मृत पुस्तक हुडकून १९०६ मध्यें पॅरिसमध्यें पुनः छापविलें आणि त्यांचें चरित्रही लिहिलें. पुढें १९२५ मध्यें पोर्तुगालचे एगाश मोनिझ यांनीं फारियांवर ग्रंथ लिहिला. मेंदूचे तंतु कापून मनोविकार बरा करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल १९४९ चें नोबेल पारितोषिक ज्यांना मिळालें तेच हे मोनिझ. शब्दानें मन हलविणाऱ्या माणसाचें चरित्र शस्त्रानें मेंदू कापणाऱ्यानें लिहावें, हा योग विलक्षणच! ती शस्त्रक्रिया वैद्यकानें पुढें टाकून दिली.

आतां आपल्या घराकडे वळूं. इंग्रजी अमदानींत मनोविकाराला देवळाखेरीज दुसरी जागा मिळाली ती मोठ्या भिंतींची. रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ चें, ठाण्याचें १९०१ चें. आमच्या बाजूला आजही एखाद्याला 'रत्नागिरीस पाठवावयास हवा' असें म्हटलें कीं ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, आणि त्या अर्थांत थट्टा असते, करुणा नसते. खरें वेड लागलेल्यांसाठीं तें रुग्णालय आवश्यक होतें आणि आहे. परंतु जो वेडा नाहीं, ज्याला झोंप लागत नाहीं एवढेंच, जिचा जीव बाळंतपणानंतर कशांतच लागत नाहीं एवढेंच, त्याला-तिला एका बाजूला भगत आणि दुसऱ्या बाजूला रत्नागिरीची भिंत, यांच्या मधली जागा शतकभर मिळालीच नाहीं.

ती मधली जागा महाराष्ट्रांत गेल्या चाळीस वर्षांत तयार होत आहे. १९८६ मध्यें पुण्यास डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकारानें व्यसनी माणसांसाठीं मुक्तांगण सुरू झालें, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. १९९० मध्यें ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं मनाच्या आरोग्यासाठीं संस्था काढली. अशा ठिकाणीं आज जी पद्धति चालते तिला समन्वयी म्हणतां येईल. एकाच पंथाची माळ गळ्यांत न घालतां, समोरच्या माणसाला काय हवें तें पाहून, कोणाला त्याचे विचार तपासावयास शिकवितात, कोणाला शरीर सैल सोडण्याचा श्वासाभ्यास देतात, कोणाचें नुसतें ऐकतात, कोणाच्या घरच्या मंडळींना बोलावून घेतात, आणि जेथें औषधाची गरज असेल तेथें निःसंकोचपणें डॉक्टराकडे पाठवितात. एका परीनें जुन्या गांवाच्या चालींतलें जें चांगलें तेंही यांत आलें आहे, कारण मुक्तांगणांत व्यसनमुक्त झालेलीं माणसें वर्तुळ करून बसतात आणि एकमेकांचें ऐकतात, तेव्हां तें गाऱ्हाणेंच असतें. फक्त घाडी नसतो, ज्याचें दुःख तोच उभा राहून बोलतो.

आणि अशा जागांची आमच्या किनाऱ्याला किती गरज आहे, हें मला किनाऱ्यावर राहणारा म्हणून सांगितलें पाहिजे. २००९ च्या नोव्हेंबरांत फयान वादळ आलें. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ सिंधुदुर्गाला घांसून गेलें. माड पडले, कौलें उडालीं, होड्या फुटल्या. तलाठी आले, पंचनामे झाले. माडामागें किती, होडीमागें किती, याचे आंकडे लागले. जी बाई वारा सुटला कीं अजून रात्रभर दाराशीं बसून राहते, तिच्या त्या जागरणाला कोणत्याही पंचनाम्यांत रकाना नव्हता. समुद्रावर गेलेला माणूस परतला नाहीं आणि देहही सांपडला नाहीं, तर त्याच्या घरच्यांना धड रडतांही येत नाहीं. दिवस घालावे तर तो परत आला तर काय, अशी आशा आड येते. ही बाई कोणाकडे जाते? कौल लावावयास जाते. 'आहे' असा कौल मिळाला तर आणखी वर्षभर दाराशीं बसते. तिला कौल चुकीचा मिळाला, ही माझी तक्रार नाहीं. तिला होय-नाहीं यांपैकीं एकच उत्तर देणारी जागा तेवढी ठाऊक आहे, ही माझी तक्रार आहे. उत्तर न देतां तिच्या शेजारीं बसणारें माणूस तिला हवें आहे.

कायद्यानें आपलें काम थोडेंबहुत केलें आहे. भूत उतरविण्याच्या निमित्तानें माणसाला बांधणें, मारणें हा महाराष्ट्रांत २०१३ पासून गुन्हा आहे. त्या कायद्यासाठीं झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीं खून झाल्यानंतर तो अंमलांत आला. २०१७ च्या केंद्रीय कायद्यानें मनाच्या आजारावर उपचार मिळणें हा हक्क ठरविला, आणि जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजतां तो असह्य ताणाखालीं होता असें मानावें, असें सांगितलें. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारनें १४४१६ हा दूरध्वनि ठेवला आहे. त्यावर मराठींतही बोलतां येतें, पैसे पडत नाहींत आणि नांव सांगण्याची सक्ति नाहीं. हा क्रमांक ऐकणाऱ्यांनीं टिपून ठेवावा, म्हणून मी तो पुनः सांगतों: एक, चार, चार, एक, सहा.

पण लाज कायद्यानें जात नाहीं. साखरेचें दुखणें चारचौघांत अभिमानानें सांगणारे आमचे सुशिक्षित लोक मनाच्या डॉक्टराकडे जातांना गल्लींत इकडेतिकडे पाहतात. 'माझ्यांतच कांहीं तरी कमी आहे' ही त्या लाजेची मुळी आहे. फारियांचें म्हणणें नीट ऐकलें तर ती उलटी होते: बरें होण्याचें सामर्थ्य माझ्यांत आहे, म्हणूनच मी दुसऱ्याकडे जातों, तें नसतें तर जाण्यांत कांहीं अर्थच नव्हता. विहिरींत पाणी असेल तरच रहाट लावण्याला अर्थ.

पणजीस मांडवीच्या कांठीं, जुन्या सचिवालयाच्या शेजारीं, आबे फारियांचा पुतळा उभा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं तो घडविला आणि १९४५ मध्यें तो बसविण्यांत आला. गोव्यास जाणारे बहुतेक प्रवासी तो पाहतात. उंच पाद्री, वाऱ्यानें फुगलेला झगा, पुढें रोखलेले दोन्ही हात, आणि त्या हातांखालीं मागें कोसळत असलेली एक स्त्री. पुतळा फार प्रभावी आहे. पाहणाऱ्याच्या अंगावर शहारा येतो, आणि पाद्र्याच्या बोटांतून कांहीं तरी प्रचंड शक्ति त्या बाईवर कोसळत आहे असें वाटतें. जें फारियांनीं आयुष्यभर नाकारलें, नेमकें तेंच! शिल्पकाराला तरी दोष कसा द्यावा? खरें जें घडत होतें तें त्या बाईच्या मिटलेल्या डोळ्यांआड घडत होतें, आणि तें धातूंत ओतून दाखविणार कसें?